साचा आणि नक्षी : जुन्या वास्तूंच्या अंतर्भागातील अलंकरणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात, मंदिराच्या सभामंडपात किंवा एखाद्या मकबऱ्याच्या घुमटाखाली भिंतींवर आणि छताला जी नक्षी दिसते, तिचा विचार आजवर बहुधा आकृती, शैली आणि काळ या तीन अंगांनीच होत आला आहे. वेल कोणत्या परंपरेतली, कमळ कोणत्या राजवटीतले, महिरपीवर कोणाची छाप, हे प्रश्न विचारले गेले आणि त्यांची उत्तरेही परिश्रमाने शोधली गेली. परंतु ती वेल भिंतीवर प्रत्यक्षात उमटली कशी, आणि एकाच ओळीतली कमळे इतकी एकसारखी बसली कशी, हा प्रश्न सहसा मागेच राहिला. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एका साध्या साधनापाशी येऊन थांबते आणि ते साधन म्हणजे साचा. काम संपले की तो अडगळीत जातो, लाकडी असला तर सरपणात जातो, मातीचा असला तर फुटून जातो, आणि त्यामुळे नक्षी डोळ्यांसमोर असूनही तिची जन्मकथा हरवते. साच्याकडे केवळ हत्यार म्हणून न पाहता अलंकरणाच्या इतिहासाचे मूळ साधन म्हणून पाहावे, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात ते पाहण्याची वेळ आता फार लांबवू नये, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

साचा म्हणजे हव्या असलेल्या आकाराचा उलटा आकार. जिथे नक्षी उंच तिथे साचा खोल, जिथे नक्षी उजवीकडे वळते तिथे साचा डावीकडे वळतो, आणि म्हणून साचा कोरणाऱ्याला संपूर्ण आकृती मनात उलटी धरता यावी लागते. अंतर्भागाच्या अलंकरणात साच्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला दाबायचा साचा : लाकूड, दगड किंवा भाजलेली माती यांत आकृती खोलगट कोरून तिच्यात चुन्याचा किंवा मातीचा घट्ट गोळा दाबतात आणि थोडा आवळला की अलगद सोडवून भिंतीवर बसवतात. दुसरा ओतायचा साचा : यात पातळ केलेले प्लास्टर ओततात आणि ते आपोआप घट्ट होऊ देतात. तिसरा ओढायचा साचा, ज्याला गवंडी फर्मा म्हणतात. यात काही दाबत किंवा ओतत नाहीत, तर ओल्या गिलाव्यावरून एक कापलेला पत्रा ओढून सलग आकार काढतात. या तिन्ही प्रकारांची हत्यारे वेगळी, लागणारा वेळ वेगळा आणि मागे राहणाऱ्या खुणाही वेगळ्या असतात.

फर्म्याचे काम जवळून पाहिल्यास त्यातील शिस्त ध्यानात येते. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे आडवी धावणारी, पुढे झुकलेली कडा म्हणजे कंगणी. तिच्यात फुगीर गोल, आत वळलेला गलता आणि मधल्या सपाट पट्ट्या एकावर एक येतात. कंगणी आडवी कापली तर तिची जी बाह्यरेषा दिसेल त्या रेषेप्रमाणे पत्रा कापून तो लाकडी पाटीला ठोकला जातो, भिंतीवर ओळंब्यात आणि पाणसळीत लाकडी पट्टी बसवली जाते, आणि त्या पट्टीच्या आधाराने फर्मा ओल्या चुन्यावरून एका दमात, एका दिशेने ओढला जातो. पहिल्या ओढीत आकार खडबडीत येतो. मग खळग्यांत भर घालून पुन्हा ओढतात, आणि शेवटच्या ओढीला वस्त्रगाळ चुन्याचा पातळ थर देऊन कडा धारदार करतात. मात्र खोलीच्या कोपऱ्यात फर्मा पोचू शकत नाही. दोन बाजूंच्या कंगण्या तिथे तिरप्या जोडाने मिळवाव्या लागतात आणि तो जोड हातानेच भरावा व घासावा लागतो. म्हणून कारागीर किती तयारीचा होता हे ठरवायचे असेल तर जाणकार भिंतीच्या मध्यभागापेक्षा कोपरा आधी पाहतो.

साच्याचा प्रकार बऱ्याच अंशी माध्यमाच्या स्वभावावर ठरतो. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला, मुरवला, चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर मळला आणि भिंतीवर लावला की हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून हळूहळू दगडासारखा होतो. ही क्रिया आठवडे आणि महिने चालते, आणि सुकताना चुना आकसतो. म्हणून नुसता चुना साच्यात दाबला तर नक्षीला भेगा पडतात, आणि त्या टाळण्यासाठी त्यात बारीक वाळू, संगमरवराची भुकटी, विटांची सुरखी किंवा तागाचे धागे मिसळावे लागतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा स्वभाव याच्या उलट आहे. जिप्सम हे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवले की त्यातील पाण्याचा तीन-चतुर्थांश भाग निघून जातो. त्या पिठात पाणी घातले की ते काही मिनिटांतच घट्ट होते आणि घट्ट होताना किंचित फुगते, त्यामुळे साच्यातील केसाएवढ्या रेघेतही ते शिरते. चुन्याला दाबण्याचा साचा आणि प्लास्टरला ओतण्याचा साचा जवळचा का, याचे कारण या आकसण्या-फुगण्यात आहे.

चुन्याला चिकटपणा आणि ताकद यावी म्हणून त्यात वनस्पतिजन्य पदार्थ घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचे पीठ, मेथी यांची नावे जुन्या गवंड्यांच्या तोंडी असत. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे इसवी सनाच्या ६व्या शतकात, वज्रलेपाची कृती दिलेली असून तीत टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुले अशा द्रव्यांचा काढा आठव्या हिश्शापर्यंत आटवून त्यात राळ, गुग्गुळ आणि बेलाचा गर मिसळायला सांगितले आहे. वाशीमच्या परिसरात मुळात चुन्याचीच एक अडचण होती. हा सारा मुलूख काळ्या बसाल्ट खडकाचा. त्यात चुनखडीचे मोठे थर नाहीत, आणि गावोगावचा चुना मुख्यतः काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडाच्या गोट्यांपासून होत असे. या गोट्यांत चिकणमातीचा अंश असल्याने त्यांचा चुना ओलाव्यातही घट्ट होतो, बांधकामाला तो उत्तम असतो, पण त्याचा रंग मळकट येतो. बारीक पांढऱ्या नक्षीसाठी निवडक, शुभ्र चुन्याचा वरचा थर वेगळा द्यावा लागतो. जुन्या नक्षीचा टवका उडालेल्या जागी आतला करडा आणि वरचा पांढरा असे दोन थर दिसले, तर ती नक्षी कशी घडली हे त्या टवक्यावरूनच वाचता येते.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. सर्वसेनाने स्थापन केलेल्या वाकाटकांच्या धाकट्या शाखेची ही राजधानी होती, आणि १९३९ साली येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटाने या शाखेचा इतिहास नव्याने उजेडात आला. याच शाखेचा राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे खोदवले. ज्या राजधानीने भारतीय अंतर्भाग-अलंकरणाचे एक सर्वोच्च शिखर उभारायला हातभार लावला, त्या राजधानीच्या भूमीत अलंकरणाच्या तंत्राचा विचार होणे उचितच आहे. अजिंठ्याची नक्षी कोरीव आणि रंगीत आहे, साच्यातली नाही. परंतु चित्राखालचा गिलावा कसा तयार करावा, त्यात कोंडा आणि धागे कशासाठी घालावेत, एकावर एक थर कसे धरावेत हे ज्ञान तिथे पूर्णत्वाला गेलेले दिसते. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले होते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. नक्षी साच्याची असो वा हाताची, ती अखेर या गिलाव्याच्याच आधारावर उभी राहते.

साच्याची परंपराही महाराष्ट्रात फार जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे भोगवर्धन, येथे सातवाहनकाळातील केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. त्या दुहेरी साच्याने केलेल्या आहेत : पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्यात पातळ दाबून, दोन्ही कडा ओल्या मातीने जोडून मूर्ती आतून पोकळ ठेवली जाई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातील या मूर्तींच्या बाजूंना निरखून पाहिले तर जोडाची रेषा ओळखू येते. पुढे १२व्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाची प्रतिमा करून तिच्यावर मातीचे लेप चढवण्याची, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची कृती सविस्तर आली आहे. मूर्ती आणि धातूकाम यांच्यासाठी विकसित झालेली ही समज भिंतीच्या नक्षीलाही उपयोगी पडणारी होती.

भिंतीच्या अलंकरणात साच्याचा मोठ्या प्रमाणावर वापर पश्चिम आशियात आणि पुढे स्पेनमध्येही झाला. इराकमधील सामर्रा या अब्बासी राजधानीत ९व्या शतकात जो उतरत्या कडांचा गिलावा रुजला तो साच्याने झपाट्याने उमटवता येत असे, आणि १४व्या शतकात ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात कोरीव कामाच्या जोडीला साच्याचे कामही आले. दख्खनमध्ये बहमनी राजवटीबरोबर चुन्याच्या नक्षीला वेगळी कळा आली. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर गोल पदके, त्यांतून निघणाऱ्या पानांच्या वेली हे तिचे ठळक लक्षण ठरले. बहमनी राज्य फुटल्यावर १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडावर अचलपूरच्या इमादशाहीचा अंमल होता आणि नंतर हा प्रांत अहमदनगरच्या निजामशाहीत व पुढे मोगलांकडे गेला, त्यामुळे दख्खनी आणि मोगल अशा दोन्ही रीती या मुलखाच्या परिचयाच्या झाल्या. मराठवाड्यातील या कलेचा सर्वांत विस्तृत नमुना म्हणजे औरंगाबादचा बीबी का मकबरा. औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने आई दिलरसबानू बेगम हिच्या स्मरणार्थ १७व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवलेल्या या वास्तूत संगमरवर मोजक्याच जागी असून बाकीचा बराचसा भाग घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्याने व त्यावरील नक्षीने सजवलेला आहे. संगमरवराची उणीव म्हणून या गिलाव्याकडे पाहण्याची सवय सोडून दिली, तर चुना या माध्यमातून काय साधता येते याचा तो प्रौढ पुरावा ठरतो.

येथे एक पद्धतीचा प्रश्न येतो : समोरची नक्षी साच्यातून आली आहे की जागेवरच हाताने कोरली आहे, हे ओळखायचे कसे? पहिली खूण दोषाची. एका ओळीतील फुलांपैकी प्रत्येकाची तीच पाकळी त्याच ठिकाणी जरा चेपलेली असेल, तर तो दोष साच्यातलाच आहे. हाताने कोरलेल्या दहा फुलांत दहा वेगळे दोष असतात. दुसरी खूण सांध्यांची. दाबून किंवा ओतून काढलेले तुकडे ठरावीक लांबीचे असतात आणि ते जोडल्यावर समान अंतरावर बारीक रेषा राहतात. तिसरी खूण कडांची. पान जिथे भिंतीपासून सुटून आत वळते, तिथे अखंड, ताठ साचा अडकतो. म्हणून साध्या साच्यातील नक्षीच्या बाजू भिंतीकडे पसरट होत जातात, आणि बाजू खोल आत कातरलेल्या दिसल्या तर एकतर ते हाताचे काम असते किंवा अनेक तुकड्यांचा, एकेक करून सोडवायचा साचा वापरलेला असतो. चौथी खूण मापाची. मातीचा साचा वाळताना आणि भाजताना साधारण दहाव्या हिश्शापर्यंत आकसतो, आणि तयार नक्षीवरून पुन्हा साचा घेतला तर पुढची प्रत आणखी लहान व बोथट होते. त्यामुळे दोन वास्तूंतील एकाच आकृतीची मापे ताडून कोणती आधीची आणि कोणती तिच्यावरून घेतलेली, याचा अंदाज बांधता येतो. या चारही खुणा नुसत्या डोळ्यांनी, तिरप्या उजेडात आणि एका मोजपट्टीने तपासता येतात.

वऱ्हाडातील जुना वाडा म्हणजे पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर माळवद, अशी सर्वसाधारण बांधणी. अशा घरात नक्षीचा मोठा भाग लाकडावर येतो आणि चुन्याची नक्षी निवडक जागी, म्हणजे देवघराच्या कोनाड्यांच्या महिरपीत, दिवाणखान्याच्या कंगणीत किंवा झुंबराच्या कडीभोवतीच्या फुलात दिसते. वाशीम शहरातील बालाजी मंदिर नागपूरकर भोसल्यांचे सरदार भवानी काळू यांनी १८व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. लाड कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. तेथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या परंपरांची जुनी जैन मंदिरे असून त्यांची हस्तलिखित भांडारे अभ्यासकांना परिचित आहेत. ग्रंथांच्या सूची झाल्या, शिलालेख आणि मूर्तिलेख वाचले गेले. त्याच धर्तीवर जिल्ह्यातील मंदिरे, पेढ्या आणि वाडे यांच्या अंतर्भागातील कंगण्या, पट्ट्या आणि फुले यांचीही सूची व्हायला हवी.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आल्यावर आणि कापसाचा व्यापार वाढल्यावर घरांचे रूप पालटू लागले. वाशीम हे १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून जात असे आणि कापूस नेणाऱ्या याच लोहमार्गांनी ओतीव लोखंड, काच, मंगलोरी कौले यांसारखा दुरून येणारा माल वऱ्हाडाच्या बाजारपेठांच्या आवाक्यात आणला. त्याच सुमारास मुंबईत साच्याच्या विद्येला शाळा मिळाली. १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकवायला आले, आणि पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या अलंकरणाचे काम या शाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. युरोपीय पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून रेखाटन व प्रतिरूपण करणे हा तेथील शिक्षणाचा पाया होता. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ ही गाजलेली मूर्तीही मुळात प्लास्टरचीच. १८७२ साली खुल्या झालेल्या मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंतर्भागातील ओतीव लोखंडी खांब आणि कमानी हा साच्याच्याच तंत्राचा धातूतील अवतार आहे. १९११ साली उद्घाटन झालेले मुंबईचेच रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडले. त्याच्या जीर्णोद्धारात प्लास्टरच्या नक्षीला तिचे जुने रूप परत मिळाले, आणि नक्षीचे उरलेले तुकडे जपले तर हरवलेला भाग पुन्हा उभा करता येतो हे दिसून आले.

साच्यातून निघालेले काम हातच्या कामापेक्षा हलके, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. साच्याने वाचतो तो पुनरावृत्तीचा श्रम. आकृतीची कल्पना, तिची उंची-खोली, दोन फुलांमधले अंतर आणि वेलीचे टोक पुढच्या तुकड्याच्या टोकाला अचूक मिळेल अशी आखणी, हे सारे साचा कोरणाऱ्यालाच करावे लागते, आणि तिथे झालेली चूक पुढे प्रत्येक छापात उमटते. शिवाय साच्यातून निघालेला तुकडा तसाच बसवला जात नाही. कडा साफ करणे, शिरा पुन्हा धारदार करणे, सांधे बुजवणे आणि शेवटी घोटून तकाकी आणणे हे काम हाताचेच राहते. खोलीभर पसरलेल्या नक्षीचे सौंदर्य तिच्या लयीत असते, आणि ती लय राखण्यासाठी आकार एकसारखाच लागतो. म्हणून साचा कोरणारा हा अलंकरणाचा खरा रचनाकार होय, आणि त्याचे नाव कोठेही नोंदले गेले नसले तरी त्याचा मान तोच आहे.

जतनाच्या प्रश्नालाही साच्याचा अभ्यास थेट भिडतो. जुन्या चुन्याच्या नक्षीवर तैलरंगाचे थर चढवले की आकृती बुजते. पडलेल्या जागी सिमेंट भरले की ते चुन्यापेक्षा कठीण व कमी सच्छिद्र असल्याने भिंतीतला ओलावा आणि क्षार शेजारच्या जुन्या चुन्यातून बाहेर पडू लागतात आणि आजवर टिकलेला भागही सुटू लागतो. वाशीमच्या काळ्या मातीत हा धोका अधिक असतो, कारण पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी ही जमीन भिंती सतत हलवत राहते आणि ताठ सिमेंट त्या हालचालीबरोबर जात नाही. योग्य मार्ग असा : आधी रंगाचे थर हलक्या हाताने उतरवावेत, सर्वांत शाबूत असलेल्या नमुन्यावरून मऊ रबरी साचा घ्यावा, मूळ मिश्रण तपासून त्याच जातीच्या चुन्यात प्रत काढावी, आणि नव्या तुकड्याच्या मागे साल लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला जुने व नवे वेगळे ओळखता येईल. काम झाल्यावर साचा फेकू नये. तो वास्तूच्या कागदपत्रांइतकाच जपावा.

ही विद्या अजून समाजातून गेलेली नाही. पेणच्या गणेशमूर्तींचे कारखाने, ज्येष्ठा गौरींच्या, म्हणजे वऱ्हाडातल्या महालक्ष्म्यांच्या, मुखवट्यांचे साचे, पोळ्याच्या बाजारातले मातीचे बैल, यांत दाबणे, ओतणे, सोडवणे आणि कडा साफ करणे ही सारी कौशल्ये रोज वापरात आहेत. प्लास्टरला काथ्याचा आधार द्यायचा हेही तिथल्या कारागिरांना ठाऊक आहे. त्यांच्या हातांना जुन्या नक्षीच्या दुरुस्तीचे शिक्षण देणे, ही दूरच्या शहरांतून कारागीर आणण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ व्यवस्था ठरेल.

१ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आलेल्या वाशीम जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे सहा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावांत जुने वाडे पडत आहेत किंवा पाडले जात आहेत, आणि त्यांच्या मालकांना दोष देणे योग्य होणार नाही, कारण घर राहण्यासाठी असते. मात्र पाडकाम सुरू होण्यापूर्वी चार गोष्टी प्रत्येकाला करता येतील : नक्षीची तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी, कंगणीचा हातभर तुकडा कोपऱ्याच्या जोडासह काढून ठेवावा, आणि माळ्यावर जुने लाकडी किंवा मातीचे साचे असतील तर ते जवळच्या वाचनालयात, महाविद्यालयात किंवा वस्तुसंग्रहालयात द्यावेत. वाचकांनी, विशेषतः जिल्ह्यातील शिक्षक व विद्यार्थ्यांनी, हे काम आपले मानून हाती घ्यावे, एवढीच या प्रस्तावनेची विनंती आहे.